व्हर्च्युअल मेमरी वाढवली की कॉम्प्युटर फास्ट होतो का? आधी टास्क मॅनेजरमधला कमिटेडचा आकडा बघा

स्क्रूड्रायव्हर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली समोर येणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर कुणीतरी आधीच हात चालवलेला असतो. व्हिडिओ बघून व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये कुठले तरी आकडे टाकलेले, नाहीतर पेजिंग फाइलच (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल जादा जागा म्हणून वापरतं ती) बंद केलेली. आणि तक्रार मात्र तीच: मशीन स्लो आहे, हँग होतं, प्रोग्रॅम मधेच बंद पडतात. या सेटिंगवर मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पेजिंग फाइल मोठी केली म्हणून कॉम्प्युटर वेगवान होत नाही. ती लहान असली तर प्रोग्रॅम बंद पडतात. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची औषधंही वेगळी आहेत. स्लो मशीनवर पेजिंग फाइल वाढवत बसणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आता आत काय चालतं ते बघू. प्रत्येक प्रोग्रॅमला विंडोज स्वतंत्र पत्त्यांची जागा देतं. ती जागा ४ केबीच्या पानांमध्ये विभागलेली असते. कुठलं पान खऱ्या रॅममध्ये कुठे आहे याची नोंद ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. रॅम कमी पडायला लागली की बराच वेळ न वापरलेली पानं आधी रॅममध्येच आवळून ठेवली जातात (विंडोज १० पासून ही सोय आहे) आणि तरीही भागलं नाही तर डिस्कवरच्या पेजफाइल.सिस या लपवलेल्या फाइलमध्ये, म्हणजेच पेजिंग फाइलमध्ये, जातात. प्रोग्रॅमने ते पान मागितलं की डिस्कवरून परत आणावं लागतं. याला हार्ड फॉल्ट म्हणतात. नाव भीतिदायक असलं तरी तो बिघाड नव्हे, फक्त त्यात वेळ जातो.

किती वेळ जातो, हे डिस्कवर अवलंबून. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, साध्या साटा एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद. लॅपटॉपमधल्या ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका विखुरलेल्या पानासाठी १५ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साठेक पानं. २०० एमबीची पानं परत आणायची असली तर ती होतात ५१,२०० पानं. सगळी विखुरलेली असती तर हार्ड डिस्कला चौदा मिनिटं लागली असती आणि एसएसडीला पाचेक सेकंद. प्रत्यक्षात विंडोज शेजारची पानं एकत्र उचलतं म्हणून इतकं वाईट होत नाही. पण माऊस हलतोय आणि विंडो पांढरी पडून "नॉट रिस्पॉन्डिंग" दाखवतेय, असं का होतं ते या हिशेबावरून कळावं.

दुसरी बाजू कमिटची. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती लगेच रॅममध्ये देत नाही, पण देण्याची हमी घेतं. अशा सगळ्या हमींची बेरीज म्हणजे कमिटेड. तिची कमाल मर्यादा म्हणजे वापरण्याजोगी रॅम अधिक पेजिंग फाइल. बँकेच्या कॅश क्रेडिटसारखं समजा: मंजूर मर्यादा संपली की पुढचा चेक वटत नाही, मग दुकानात माल कितीही पडून असो. मर्यादा संपली की नवीन मागणी नाकारली जाते. त्यावर काही प्रोग्रॅम नीट निरोप देतात, काही सरळ बंद होतात.

बघायचं कुठे? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली कमिटेडसमोर तिरकी रेघ मारून दोन आकडे दिसतील. पहिला सध्याचा, दुसरा मर्यादा. तुमची रोजची सगळी कामं उघडी ठेवून हे बघायचं, नुकत्याच चालू केलेल्या मशीनवर बघून काही कळत नाही.

सेटिंगची जागा: स्टार्टमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज शोधा, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज बटण, पुन्हा ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे व्हर्च्युअल मेमरीखाली चेंज. सगळ्यात वर ऑटोमॅटिकली मॅनेजची खूण असते. दहापैकी नऊ जणांनी ती खूण तशीच ठेवावी आणि सी ड्राइव्हवर मोकळी जागा राखावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर विंडोजला फाइल वाढवायची असूनही वाढवता येत नाही.

ज्यांना हाताने आकडे टाकायचेच आहेत त्यांनी दीडपट-तिप्पट (किमान रॅमच्या दीडपट, कमाल तिप्पट) हा जुना नियम सोडून द्यावा. तो १२८ एमबी रॅमच्या जमान्यातला आहे. त्या हिशेबाने ३२ जीबीवाल्याने ४८ जीबी फाइल ठेवायची आणि ४ जीबीवाल्याने ६, म्हणजे ज्याला गरज कमी त्याला जास्त. मायक्रोसॉफ्टचे तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये सांगितलेली रीत जास्त पटते. सगळे नेहमीचे प्रोग्रॅम चालवा, प्रोसेस एक्सप्लोरर या त्यांच्याच मोफत प्रोग्रॅममध्ये कमिटचा सर्वोच्च आकडा बघा, त्यातून रॅम वजा करा. उरेल ते किमान, आणि त्याच्या दुप्पट कमाल.

आकडे टाकल्यावर सेट हे बटण दाबायला विसरू नका, नुसतं ओके केलं तर बदल लागत नाही. आणि नंतर रीस्टार्ट करा. शटडाऊन करून परत चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा जुन्याच अवस्थेतून उठतो.

प्रश्न असतील तर आपापले आकडे देऊन विचारा.

---

खिळेजुळारी

वेळेवर धागा काढलात. माझं डीटीपीचं काम आहे, दिवाळी अंकांचा हंगाम तोंडावर आलाय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज १०. पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, फोटोशॉप, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप (लेखक मजकूर आणि फोटो तिथेच पाठवतात) एवढं उघडं असलं की पानजुळणीचं सॉफ्टवेअर काही न सांगता बंद होतं. ब्राउझरचे टॅब मेमरी संपल्याचं सांगून कोसळतात. पण टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८२ टक्केच दिसते! १८ टक्के शिल्लक असताना मेमरी संपली कशी? ज्यांच्याकडे लॅपटॉप दाखवला त्यांनी विंडोज नवीन टाकून दिलं, फरक पडला नाही.

---

मेनफ्रेमकाका

स्क्रूड्रायव्हर, उत्तम लिहिलंत. थोडी पार्श्वभूमी जोडतो, कारण हा विषय आमच्या आयुष्यभराच्या धंद्याचा.

व्हर्च्युअल मेमरीची कल्पना मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस संगणकाची. टॉम किलबर्न यांच्या चमूने तो बनवला, १९६२ मध्ये तो सुरू झाला. आतली कोअर मेमरी फक्त १६ हजार शब्दांची (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो माहितीचा तुकडा), आणि जोडीला फिरता चुंबकी ड्रम ९६ हजार शब्दांचा. प्रोग्रॅमरला मात्र हे दोन्ही मिळून एकच साठा दिसायचा, पानांची ने-आण यंत्रच करायचं. त्याआधी कुठला तुकडा कधी आत आणायचा हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. आयबीएमने १९७२ मध्ये सिस्टीम ३७० वर व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली आणि ती सगळीकडे पसरली.

आणि मशीन पानं आत-बाहेर करण्यातच गुंतून पडतं, खरं काम ठप्प होतं, त्या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याचं कारण मांडलं: प्रत्येक प्रोग्रॅमला एका वेळी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो, त्याला वर्किंग सेट म्हणतात. सगळ्या चालू प्रोग्रॅमचे वर्किंग सेट मिळून खऱ्या मेमरीपेक्षा मोठे झाले की यंत्रणा कोसळते. उपाय दोनच, एक तर प्रोग्रॅम कमी करा नाहीतर मेमरी वाढवा. ड्रम मोठा करून थ्रॅशिंग थांबत नाही हे तेव्हापासून माहीत आहे, आणि तुम्ही पेजिंग फाइलबद्दल सांगताय ते हेच.

---

फ्रेमरेट

इथे माझं मत वेगळं आहे. माझ्याकडे ३२ जीबी रॅम आहे, पेजिंग फाइल कायमची बंद करून टाकलीय. गेम मक्खन चालतात. एवढी रॅम असताना डिस्कवर काही लिहूच का द्यायचं? शिवाय एसएसडी झिजते ती वेगळी.

---

स्क्रूड्रायव्हर

खिळेजुळारी, तुमचं उत्तर जवळजवळ तुमच्या प्रश्नातच आहे, पण अंदाजाने बोलत नाही. एवढं बघून सांगा: (अ) सगळं उघडं असताना कमिटेडचे दोन्ही आकडे, (ब) व्हर्च्युअल मेमरीच्या खिडकीत कुठल्या ड्राइव्हसमोर काय लिहिलंय, (क) सी आणि डी यांपैकी एसएसडी कुठली, त्यात जागा किती. शिवाय इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टीम इथे रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर नावाची, २००४ क्रमांकाची नोंद आहे का तेही बघा.

फ्रेमरेट, ३२ जीबीवर गेम चांगले चालतात याचं श्रेय ३२ जीबीला. फाइल बंद केल्याने त्यात भर पडलेली नाही. कारण सांगतो. विंडोज चालू झाल्यापासून काही पानं अशी असतात की एकदा भरली आणि पुन्हा कुणी विचारली नाहीत. पेजिंग फाइल असेल तर ती बाहेर ठेवून तेवढी रॅम फाइल कॅशला, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला, वापरता येते. फाइल नसेल तर ती पानं रॅममध्येच अडकून बसतात. उलट प्रोग्रॅमच्या कोडची पानं मूळ फाइलमधून परत वाचता येतात, म्हणून दबाव आला की विंडोज तीच टाकून देतं आणि पुन्हा डिस्कवरून वाचतं. म्हणजे फाइल बंद केल्यावरही हार्ड फॉल्ट होतच राहतात.

शिवाय निळा स्क्रीन आला की मेमरीतली माहिती आधी पेजिंग फाइलमध्ये लिहिली जाते, पुढच्या वेळी चालू होताना तिचा डंप, म्हणजे बिघाडाचं कारण शोधायला लागणारी नोंद-फाइल, बनतो. सर्वसाधारण सेटिंगमध्ये फाइल नसेल तर डंप मिळत नाही. असं मशीन समोर आलं की ड्रायव्हरमुळे पडलं की रॅमच्या पट्टीमुळे, हे शोधायला माझ्या हातात काहीच नसतं.

एसएसडीच्या झिजेबद्दल: विंडोज ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी मोजमाप करून सांगितलं होतं की पेजिंग फाइलमधून होणारी वाचनं लेखनांच्या साधारण ४० पट असतात, वाचनं लहान तुकड्यांची आणि लेखन मोठ्या. एसएसडीला हाच कामाचा प्रकार सगळ्यात सोयीचा. तेव्हा फाइल एसएसडीवरच ठेवावी, हे त्यांचंही मत होतं आणि माझंही आहे.

---

फ्रेमरेट

डंपचा मुद्दा पटला. गेल्या महिन्यात निळा स्क्रीन आला होता आणि कारण काही सापडलं नव्हतं. चालू करतो.

---

खिळेजुळारी

घ्या आकडे. इन यूज ६.४ जीबी (एकूण ७.८ पैकी). कमिटेड ९.६/९.८. व्हर्च्युअल मेमरीत सी समोर नन, डी समोर २०४८ - २०४८. सी ही एसएसडी आहे, २३८ जीबी, मोकळी ६१ जीबी. डी ही लॅपटॉपबरोबर आलेली हार्ड डिस्क. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २००४ च्या बऱ्याच नोंदी आहेत. प्रत्येकीत तीन प्रोग्रॅमची नावं आहेत, ब्राउझर, फोटोशॉप आणि पानजुळणी, आलटून पालटून. विंडोज टाकणाऱ्यांनी "सी वरचा लोड कमी केलाय" असं म्हटलं होतं, ते हेच असावं.

---

स्क्रूड्रायव्हर

हो, हेच. तुमच्या आकड्यांमध्ये दोन्ही दुखणी एकाच जागी दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इतरांनाही उपयोग होईल.

७.८ जीबी रॅम आणि २ जीबी फाइल मिळून ९.८ ही तुमची मर्यादा. त्यातले ९.६ आधीच शब्द देऊन बसलेत. म्हणजे नवीन मागणीसाठी साधारण २०० एमबी उरले. एक मोठा फोटो उघडला, किंवा पानजुळणीच्या सॉफ्टवेअरने पीडीएफ काढायला घेतली, की संपलं. रॅम ८२ टक्के दिसते कारण हमी घेतलेली बरीच पानं अजून कुणी वापरलेलीच नाहीत, आणि काही डी वर गेलीत. दोन्हींपैकी कुठलीच पानं रॅम अडवत नाहीत, पण हमीच्या बेरजेत मात्र धरली जातात. म्हणून १८ टक्के रॅम मोकळी असतानाही मागणी नाकारली जाते. २००४ ची नोंद त्याच क्षणी पडते आणि हमी सर्वात जास्त घेतलेले तीन प्रोग्रॅम लिहून ठेवते. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, लेखकांनी पाठवलेल्या फायलींतही नाही. विंडोज पुन्हा टाकून फरक पडला नाही, कारण टाकल्यावर सेटिंग पुन्हा तेच केलं गेलं.

दुसरं म्हणजे फाइल डी वर, ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर. तुमचे फोटोही तिथेच असतील. म्हणजे एकच चकती एका बाजूने फोटो वाचतेय आणि दुसऱ्या बाजूने पानं आत-बाहेर करतेय. सी ही एसएसडी असताना तिचा लोड कमी करायची काही गरज नव्हती.

करायचं ते असं. डी निवडून नो पेजिंग फाइल, सेट. सी निवडून सिस्टीम मॅनेज्ड साइझ, सेट. ओके, रीस्टार्ट. विंडोजच्या नियमाप्रमाणे कमाल आकार रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांतलं जास्त असेल ते, पण ड्राइव्हच्या आठव्या हिश्शाच्या वर नाही. तुमच्याकडे तिप्पट म्हणजे २३-२४ जीबी, आठवा हिस्सा साधारण ३० जीबी. म्हणजे गरज पडली तर २३-२४ पर्यंत वाढू शकेल. एवढी एकदम व्यापली जाणार नाही, गरजेप्रमाणे वाढते. ६१ जीबी मोकळी आहे ती पुरेशी आहे, फक्त व्हॉट्सॲपवरून उतरलेल्या फायली डाउनलोड्समध्ये साठू देऊ नका, त्या वेळच्या वेळी डी वर हलवा.

आणि फोटोशॉपचं एक वेगळं. त्याची स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप स्वतःच्या तात्पुरत्या कामासाठी वापरतं ती डिस्कवरची जागा) ही विंडोजच्या पेजिंग फाइलपेक्षा निराळी गोष्ट आहे. व्हर्च्युअल मेमरी बदलली म्हणून ती बदलत नाही. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्कवर सी ला पहिला नंबर द्या. परफॉर्मन्समध्ये फोटोशॉपला रॅमचा ७० टक्के वाटा मूळ सेटिंगमध्येच असतो. एकटं फोटोशॉप वापरणाऱ्याला तो ठीक, पण तुमच्यासारखी तीन-चार कामं शेजारी चालू असतील तर ५०-५५ वर आणा.

---

खतावणी

मी अकाउंट्सची कामं करते. दोन प्रश्न आहेत. रॅम मोकळी करून देणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, बटण दाबलं की आकडा झर्रकन खाली येतो. ती चालवावीत का? आणि पेजिंग फाइलमध्ये क्लायंटची माहिती राहून जात असेल का?

---

टर्मिनलवासी

खतावणीताई, पहिल्याचं उत्तर नाही. ती सॉफ्टवेअर्स प्रोग्रॅमच्या वर्किंग सेटमधली पानं जबरदस्तीने बाहेर ढकलतात, म्हणून आकडा उतरतो. पुढच्याच मिनिटाला तुम्ही एक्सेलवर क्लिक करता तेव्हा तीच पानं परत आणावी लागतात. आणि टास्क मॅनेजरमध्ये कॅश्ड म्हणून दिसते ती मेमरी गरज पडली की विंडोज लगेच देऊन टाकतं. ती रिकामी करून मिळवायचं काहीच नाही.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. हो, उघड्या फायलींचे तुकडे पेजिंग फाइलमध्ये राहू शकतात, मशीन बंद केल्यावरही. शटडाऊनला फाइल पुसायचं एक धोरण विंडोजमध्ये आहे, पण ते चालू केलं की बंद व्हायला बराच वेळ लागतो. त्यापेक्षा विंडोज प्रो असेल तर पूर्ण सी ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजमधलीच डिस्क सांकेतिक करायची सोय) कुलूपबंद करा. पेजिंग फाइल आणि हायबरनेटची फाइल दोन्ही त्यातच येतात. रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं. तिथे स्वॅप असतं, पार्टिशन किंवा फाइल. उबुंटू १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलेशनला स्वॅप फाइलच देतं. विंडोजपेक्षा एक मोठा फरक असा की लिनक्स मूळ सेटिंगमध्ये हमी सढळ हाताने देतं, असलेल्या मेमरीपेक्षा जास्तही. आणि खरोखरच संपलं की ओओएम किलर एखादा प्रोग्रॅम मारून टाकतो. स्वॅपीनेस हा आकडा मुळात ६० असतो, तो १० करा असं जिथे-तिथे लिहिलेलं असतं. तो रॅमचा टक्का नव्हे. प्रोग्रॅमची पानं बाहेर काढायची की फाइल कॅश सोडायची, यातला कल तेवढा तो सांगतो. कमी रॅमच्या मशीनवर मी तो कमी करत नाही, झेडरॅम वापरतो. म्हणजे रॅमचाच एक भाग आवळलेल्या पानांसाठी. फेडोरा ३३ पासून (२०२०) ते आपसूकच असतं. झेडरॅम असेल तर स्वॅपीनेस उलट १०० च्या वर नेतात, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.८ आवृत्तीपासून २०० पर्यंत नेता येतो.

---

जि_प_गुरुजी

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये जुने डेस्कटॉप आहेत, २ जीबी आणि ४ जीबी रॅमचे, सगळे हार्ड डिस्कवाले. विंडोज १० कसंबसं चालतं. मुलं पेंट आणि टायपिंग करतात, कधी ब्राउझर. पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप हाताशी येईपर्यंत तासिकेचा पाव भाग जातो. निधी नाही. नुसत्या सेटिंगने काही जमेल का?

---

स्क्रूड्रायव्हर

गुरुजी, खरं सांगायचं तर नुसत्या सेटिंगने फार नाही. पण थोडं जमेल. हार्ड डिस्क असेल तर मी ऑटोमॅटिक सोडून हाताने आकडा टाकतो, ही माझ्या नियमातली एकमेव सूट. डिस्क डीफ्रॅग करून (विखुरलेल्या फायली सलग मांडून) मग किमान आणि कमाल दोन्ही ४०९६ ठेवा. फाइल एकसंध राहते, वाढताना तुकडे होत नाहीत, हेड कमी पळतं. स्टार्टअपमधले अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा, त्याने पहिली काही मिनिटं वाचतात.

निधीचं म्हणाल तर सगळी मशीन एकदम करू नका. २ जीबीची जी दोन मशीन एकसारखी आहेत, त्यातल्या एकाची रॅमची पट्टी दुसऱ्यात बसते का बघा. दोनाची चार झाली तर एक तरी मशीन नीट चालतं. पुढे गावातल्या कुणी देणगी दिली तर पहिला खर्च लहान साटा एसएसडीवर. १२० जीबीची पुरते. जुन्या डेस्कटॉपला यापेक्षा जास्त फरक पाडणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

---

टर्मिनलवासी

गुरुजी, शिवाय विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी आणि बराच नवीन प्रोसेसर लागतो. तुमच्या कामांना हलकं लिनक्स आणि झेडरॅम हे २ जीबीवर जास्त बरं चालेल. देवनागरी टायपिंग इन्स्क्रिप्टने तसंच करता येतं. एका मशीनवर पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता कळेल.

---

जि_प_गुरुजी

पट्टीची कल्पना उद्याच बघतो. लिनक्स एका मशीनवर नक्की लावून पाहीन, मुलांना दुसरं काही असतं हेही कळेल. दोघांचेही आभार.

---

खिळेजुळारी

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. आज दिवसभर अंकाचं काम चाललं, एकदाही बंद पडलं नाही. कमिटेड दुपारी ११.९/१४.६ होतं. म्हणजे मर्यादा आपोआप वाढली. फोटोशॉपवरून पानांवर परत येताना आधी विंडो पांढरी पडायची, आता क्षणभर थांबतं आणि चालतं. पण ते क्षणभर आहेच. रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्टची रेघ तेव्हा उंच जाते. हे आता रॅमचंच काम ना?

---

स्क्रूड्रायव्हर

बरोबर वाचलंत. ११.९ जीबीची हमी, खरी रॅम ७.८. कोसळायचं थांबलं, आता उरलाय तो पानांच्या ने-आणीचा वेळ. मेनफ्रेमकाकांनी सांगितलेला वर्किंग सेट तो हाच. मात्र हार्ड फॉल्टमध्ये प्रोग्रॅमच्या आणि फाँटच्या फायली पहिल्यांदा वाचणंही धरलेलं असतं. सॉफ्टवेअर उघडताना रेघ उंच गेली तर काळजी नको. आधीच उघड्या असलेल्या दोन विंडोंमध्ये ये-जा करताना गेली तर रॅम कमी आहे.

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्लॉट्स यूज्ड, स्पीड आणि फॉर्म फॅक्टर बघा.

---

खिळेजुळारी

स्लॉट्स १ ऑफ २. स्पीड २६६७. फॉर्म फॅक्टर एसओडीआयएमएम. ८ ची घेऊ की १६ ची?

---

स्क्रूड्रायव्हर

दुसरा स्लॉट मोकळा आहे, चांगलं झालं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच झाळलेली असते, तिथे काही करता येत नाही.

तुमच्या कामाला ८ ची पुरेल. ८ आणि ८ मिळून १६, तुमची दिवसभराची कमाल १२ च्या आत आहे, म्हणजे वर जागा राहते. दोन सारख्या पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी ने-आण) चालतं, त्याचा फायदा आतल्या ग्राफिक्सलाही होतो. फ्लेक्सचे मोठे बोर्ड किंवा वीस-पंचवीस लेअरच्या मोठ्या फायली रोज करत असाल तरच १६ ची घ्या.

दुकानात मागताना लॅपटॉपची डीडीआर४ असं स्पष्ट सांगा, डेस्कटॉपची पट्टी लांब असते, बसणार नाही. ३२०० ची मिळाली तरी चालेल, ती २६६७ वरच धावेल. बसवताना चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडा, पट्टी तिरकी घालून दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक वाजेपर्यंत दाबा. चालू झाल्यावर विंडोजमधली रॅम तपासणी (मेमरी डायग्नोस्टिक) एकदा पूर्ण होऊ द्या, अंकाचं काम त्यानंतरच सुरू करा.

आणि १६ झाली म्हणून पेजिंग फाइल बंद करू नका. सी वर ऑटोमॅटिक तशीच राहू द्या.